दुसऱ्याच्या नावाचा पॅच

आता काय म्हणावं या माणसाला! सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या बापासाठी चार ओळी लिहिल्या, आणि त्या आपल्या म्हणायची सोय नाही.

म्हाताऱ्याची दृष्टी गेलेली. शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटाच राहायचा. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा फुकटचा प्रोग्रॅम, तेवढीच सोबत. पण दर अपडेटनंतर त्या प्रोग्रॅमची दातखीळ बसायची. मुलाने दोष शोधला, दुरुस्तीचा पॅच, म्हणजे कोडच्या चार ओळी, लिहिला, आणि दर वेळी जाऊन तो हाताने बसवू लागला. मग त्याची परगावी बदली झाली. आता पॅच मूळ पॅकेजमध्येच, म्हणजे सगळ्यांना मिळणाऱ्या प्रतीतच, जायला हवा होता, नाहीतर म्हातारा मुक्या यंत्रापुढे बसणार. त्याने तो पॅकेज सांभाळणाऱ्या मंडळींकडे पाठवला.

"पॅच उत्तम," मंडळींनी कळवलं. "फक्त करारावर सही करा, की हे लिखाण तुमचं आहे आणि द्यायचा हक्क तुम्हाला आहे."

इथेच घोडं अडलं. नोकरीच्या करारात स्पष्ट होतं: घरी लिहिलेलंही कंपनीचं. साहेबांनी परवानगी नाकारली, तीही एका ओळीत.

"अहो, कोण बघायला येतंय? सगळे डोळे मिटून सही करतात," बायको म्हणाली.

"उद्या खोटं निघालं तर त्या मंडळींच्या गळ्याशी येईल," तो म्हणाला. रागाने नव्हे. राग यायचाच बंद झाला होता.

पॅच त्याने मागे घेतला. आता याचा पॅच न पाहिलेल्या कुणीतरी तो नव्याने लिहायचा, आणि याने अवाक्षर काढायचं नाही; नाहीतर तोही कंपनीचाच ठरायचा. तक्रार बापाने स्वतः कळवली. एका अनोळखी बाईने ती मनावर घेतली. तिचा पहिला प्रयत्न फसला. दुसराही. कुठे चुकतंय ते याला लख्ख दिसत होतं. हा मख्खासारखा बघत बसला.

बदलीच्या गावी निघायच्या आदल्या दिवशी तो बापाकडे असतानाच अपडेट आलं, तिच्या नावाचं. म्हाताऱ्याने कळ दाबली आणि यंत्र घडाघडा वाचू लागलं.

"वा! तुझ्यापेक्षा बरं जमलं की रे तिला!"

याला वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही.

म्हाताऱ्याने यंत्राचा आवाज बारीक केला. "आता सगळं आपोआप होणार. मग तू रे कशाला येशील?"

"असाच येईन, बाबा."

म्हातारा हसला. असाच मुलगा आजवर एकदाही आला नव्हता.