कागदावर अडतीस

आमच्या गावात माणसाला दोन वयं असतात. एक मायच्या तोंडातलं आणि दुसरं शाळेच्या दाखल्यावरचं. मायच्या तोंडातलं लग्नात, आजारपणात आणि भांडणात चालतं; दाखल्यावरचं बाकी सगळीकडे. या दोघांची गाठ सहसा पडत नाही, आणि पडू नये अशीच सगळ्यांची खटपट असते. अश्वजितनं ती पाडली. तीही कशापायी, तर सायकलच्या शर्यतीपायी.

अश्वजित माझा लंगोटीयार. मेहकरपासून आठ किलोमीटरवर आमचं गाव, दोघांची घरं भिंतीला भिंत लागून. आता त्याचं मेहकरात बसस्टँडमागे मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी उघडायच्या, आतली काळी पडलेली तार उपसायची, नवी भरायची, आणि दिवसभर वार्निशच्या वासात बसायचं. मी पंचायत समितीत वरिष्ठ सहायक आहे. मला टेबल आहे, डोक्यावर पंखा आहे, आणि लोक मला रवीसाहेब म्हणतात. एकाच ओसरीवर खेळलेल्या दोन पोरांत एवढा फरक कसा पडला, ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

त्याचे वडील किसनराव रस्त्यावर मैलकुली होते. त्यांच्या सर्व्हिस बुकात कोण्या शहाण्यानं वय अंदाजानं चार वर्षं जास्त टाकलं होतं, म्हणजे धडधाकट असूनही चार वर्षं आधी घरी बसणं त्यांच्या नशिबी आलं होतं. हे दुखणं ते भेटेल त्याला सांगत. आमची शाळा नाल्यापलीकडे होती, म्हणून आम्ही दोघं पहिलीत गेलो तेच आठव्या वर्षी. माझा बाप दुसऱ्याच्या वावरात सालदार, त्याला सवड नव्हती; किसनरावांनीच दोघांना दोन हातांना धरून नेलं. हेडमास्तर म्हणाले, पहिलीतल्या पोराचं वय सहाच लिहावं लागतं. किसनराव म्हणाले, लिहा की गुरुजी, बरंच झालं, पोरांना नोकरीत दोन वर्षं जास्त भेटतील. हेडमास्तरांनी दोघांच्या नावापुढं एक जून टाकला. आमच्या वर्गात एक जूनला जन्मलेली एकवीस पोरं होती.

ती दोन वर्षं मला फळली. वयाची मर्यादा संपायला चार महिने असताना शेवटच्या परीक्षेत मी लागलो. अश्वजित त्याच परीक्षेत तीन गुणांनी राहिला. खरं वय लिहिलेलं असतं तर मला त्या हॉलमध्ये कोणी पाय ठेवू दिला नसता, हे मला पक्कं ठाऊक आहे. उपकार म्हणायचे तर किसनरावांचे, आणि ते आता नाहीत. उपकारकर्ता वारला की माणूस जरा मोकळा होतो, उगाच कशाला खोटं बोलू.

नोकरी हुकली तेव्हा अश्वजितला डोंगरातल्या सायकल शर्यतीचं खूळ लागलं. डांबरी रस्त्यावरची नाही, मुरमाच्या पायवाटेवरची, दगडांतून, ओढ्यातून, चढावर जीभ बाहेर काढणारी. बुलढाण्याच्या घाटमाथ्यावर एक हौशी मंडळ ही शर्यत दरवर्षी भरवतं. पाच किलोमीटरचा एक फेरा, खुल्या गटाला असे पाच. नियम सोपा आणि कडू आहे. सगळ्यात पुढचा गडी एक फेरा जास्त मारून मागच्याला गाठायला आला की पंच शिट्टी मारतो. मागच्यानं गुपचूप बाजूला व्हायचं, हँडलवरचा नंबर काढून द्यायचा आणि चालत मैदानावर यायचं. निकालात त्याच्या नावापुढं वेळ लागत नाही, ‘अपूर्ण’ लिहितात.

अश्वजित चार वर्षं उतरला आणि चारही वेळा अपूर्ण राहिला. चौथ्या वेळी तर शिट्टीच्या आधीच उतारावर पडला, खांद्याजवळचं हासळीचं हाड मोडलं, आणि बायकोनं, सुवर्णानं, सायकल उचलून माळ्यावर टाकली. पुढची नऊ वर्षं ती तिथंच होती.

मग चाळिशी आली. माणसाला चाळिशीत चष्मा लागतो, याला पुन्हा सायकल लागली. मंडळानं चाळीस पूर्ण झालेल्यांचा वेगळा गट काढल्याचं त्यानं ऐकलं. त्यांना तीनच फेरे, आणि शर्यतही वेगळी, म्हणजे मागून येऊन गाठणारी विशीतली पोरं नाहीत. त्याला पदक नको होतं. त्याला एकदा, फक्त एकदा, शेवटची रेषा ओलांडायची होती आणि नावापुढं वेळ लिहिलेली पाहायची होती. हे तो मला इतक्या वेळा सांगायचा की मला कंटाळा यायचा.

अकरा महिने त्यानं तयारी केली. दुकान उघडायच्या आधी तीस किलोमीटर. पोट सुटलेलं, टक्कल पडलेलं, आणि वर ती अंगाला चिकटणारी काळी चड्डी. पारावरची माणसं त्याला सोडत नसत. म्हातारचळ लवकर लागला, म्हणत. मीही म्हणायचो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं मी त्याच्या तोंडावर म्हटलं तेव्हा तो हसला आणि चेनला तेल देत राहिला. मला त्याच्या हसण्याचा राग यायचा. ज्याचं काहीच झालं नाही त्यानं एवढं खुशीत काऊन राहावं, हे मला कधी समजलं नाही.

आता मी यात कुठं आलो? मंडळाचे उत्तमराव हे निवृत्त ड्रिल मास्तर. त्यांना घड्याळ धरायला आणि निकालाचा तक्ता सुवाच्य लिहायला एक सरकारी माणूस हवा होता. मी तीन वर्षांपासून पंच आहे. गळ्यात शिट्टी असली की माझी पाठ ताठ होते. ऑफिसात माझ्यावर सगळे वाजवतात, इथं मी वाजवतो.

शर्यतीच्या सकाळी अश्वजित नंबर घ्यायला टेबलापाशी आला. सोबत त्याची माय, जनकाबाई. लेकाची शर्यत तिनं आजवर पाहिली नव्हती, या वेळी पुरी होणार म्हणून तो तिला मुद्दाम घेऊन आला होता. नवं लुगडं, हातात भाकरीचा डबा. अर्जावर त्यानं वय चाळीस लिहिलं होतं आणि खाली आधार कार्डाची प्रत जोडली होती. आधारवरच्या तारखेनं अडतीस. आमच्याकडचा माणूसच अशी चूक करू जाणे. त्याला विचारलं वय, त्यानं सांगितलं वय. कागद मागितला, कागद दिला. दोन्ही एकमेकांशी जुळायला पाहिजेत हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

उत्तमराव म्हणाले, दोन वर्षांनी या. टेबलाभोवतीची पोरं हसली. जनकाबाई मात्र पुढं सरकली आणि टेबलावर हात ठेवून म्हणाली, “त्याले जलम म्या देला, हेडमास्तरानं नाही.”

पोरं आणखी हसली. मीही हसलो. मग तिनं माझ्याकडं बोट केलं.

“याले इचारा. हे दोघं आठ दिवसाच्या अंतरानं झाले. याची माय तापानं फणफणली व्हती, तवा यालेही म्याच पाजलं.”

हसणं थांबलं. उत्तमराव भला माणूस आहे. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, ही काही ऑलिंपिक नाही, हौशी शर्यत आहे. तुम्ही पंच आहात, वर सरकारी नोकर. तुम्ही दोन ओळी लिहून द्या की हा माझ्याच वयाचा, चाळीस पूर्ण. मी घेतो त्याला.

दोन ओळी. कागद समोर होता, पेन माझ्याच हातात होतं. पण हा माझ्या वयाचा आणि चाळीस पूर्ण असं लिहिणं म्हणजे मीही चाळीस पूर्ण. माझ्या सर्व्हिस बुकात मी अडतीसचा. वरच्या पदाची यादी लागायची होती आणि माझ्या मागच्या टेबलावरचा माणूस माझी एखादी चूक सापडावी म्हणून टपून बसलेला. असा कागद कुठून कुठं जाईल सांगता येत नाही. सरकारी माणूस बोलतो पुष्कळ, पण लिहून देत नाही. आपलं ठेवावं झाकून, दुसऱ्याचं पाहावं वाकून, हाच आमच्या खात्याचा खरा नियम आहे.

मी म्हणालो, मला नक्की आठवत नाही. लहानपणाचं कोणाला आठवतं?

जनकाबाई माझ्याकडं बघत राहिली. तिला राग आलेला नव्हता. मला खरंच आठवत नसेल असं तिला वाटलं, आणि ती मला आठवण करून द्यायला लागली. त्या साली पाऊस कसा लांबला, माझी माय कुठं निजली होती, मी किती रडायचो. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

अश्वजितला सगळं कळत होतं. माझी नोकरी कशावर उभी आहे, हे माझ्याखेरीज त्यालाच ठाऊक. एक शब्द बोलला असता तर मी तिथंच आडवा झालो असतो. तो मायला म्हणाला, “राहू दे माय, त्याले नको तरास देऊ.” आणि उत्तमरावांना म्हणाला, मला खुल्या गटात घ्या. मला त्याचा तेव्हा जेवढा राग आला तेवढा कधीच आला नसेल.

आधी चाळिशीवाल्यांची शर्यत झाली. तिघंच उतरले. पहिला आला तो नांदुऱ्याचा महादेवराव, धान्याचा व्यापारी. शेवटच्या चढावर सायकल हातात धरून चालत आला. एक तास बारा मिनिटं. दुसऱ्यानं मध्येच थांबून संत्रं खाल्लं. तिघांनाही पदकं मिळाली, तिघांच्याही नावापुढं मी वेळ लिहिली.

मग खुला गट सुटला. मी फाटकावर उभा होतो. सागाच्या झाडीतून वाट वर येते, तिथं एक फाटक आहे. तिथून शेवटची रेषा दोनशे पावलं. सगळ्यात पुढचा गडी झाडीतून दिसला की एक फेरा मागं राहिलेला जो कोणी फाटकावर सापडेल त्याला बाहेर काढायचं, ही माझी जागा. जो त्याआधी रेषा ओलांडून पाचव्या फेऱ्याला लागतो त्याला कोणी अडवत नाही, तो मग सावकाश का होईना, शर्यत पुरी करतो.

पहिल्या फेऱ्याला अश्वजित सगळ्यांच्या शेवटी होता. दुसऱ्यालाही. तिसऱ्याला त्यानं दोन पोरं मागं टाकली होती. माझ्या घड्याळात तीन फेरे एकोणसाठ मिनिटांत झाले. महादेवरावापेक्षा तेरा मिनिटं कमी. तो गुडघ्यापासून रक्ताळलेला होता, तोंडातून फेस, आणि डोळे फक्त समोरच्या वाटेवर. रेषेपाशी जनकाबाई दोरीला धरून उभी होती आणि दर फेऱ्याला बाजूच्यांना सांगत होती, तो माहा लेक.

चौथा फेरा संपत आला. तो झाडीतून वर आला तेव्हा वाट रिकामी होती. फाटकापाशी पोचला, आणि त्याच क्षणी मागं, सागाच्या शेवटच्या झाडाजवळ, पाचवा फेरा संपवत आलेल्या पहिल्या गड्याचं लाल हेल्मेट दिसलं. दोघांच्या मधे अर्ध्या मिनिटाहून जास्त अंतर होतं, आणि अश्वजितपुढं रेषेपर्यंत फक्त दोनशे पावलं. मी खाली वाकून बुटाची लेस बांधली असती तरी तो निघून गेला असता. कोणी पाहत नव्हतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. विनंती वगैरे काही नव्हती त्या बघण्यात. मी त्याचा दोस्त होतो, म्हणून तो निर्धास्त होता.

मी शिट्टी मारली.

का मारली याची उत्तरं माझ्याकडं पुष्कळ आहेत. नियम आहे. मी पंच आहे. लाल हेल्मेटवाल्यानं तक्रार केली असती. खरं एकच आहे. सकाळी तो माझ्याबद्दल गप्प बसला होता, आणि तो रेषा ओलांडून हसत आला असता तर ते मला सोसलं नसतं.

त्यानं ब्रेक दाबला. पाय खाली टेकवताना तो पडता पडता राहिला. लाल हेल्मेटवाला बाजूनं धूळ उडवत गेला. नंबर बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी अश्वजितला हातानं तोडता येईना. ती मीच माझ्या चाकूनं कापली. त्यानं विचारलं, तीन फेऱ्यांचा टाईम किती झाला होता? मी सांगितलं. त्यानं मान हलवली आणि सायकल ढकलत निघाला.

मैदानावर जनकाबाईनं डबा उघडला होता. ती त्याला पदरानं पुसायला लागली आणि मला म्हणाली, “झाली ना रे पुरी?”

अश्वजितनं माझ्याकडं पाहिलं. त्या दिवसात त्यानं माझ्याकडं मागितलेली ती एकच गोष्ट. म्हातारीला वाचता येत नाही. मी हो म्हणालो असतो तर तिच्यापुरती ती शर्यत जन्मभर पुरी झाली असती. तीस-बत्तीस वर्षं खोट्या तारखेवर जगलेल्या माझ्या तोंडून नेमकं तेव्हाच खरं निघालं.

“नाही मावशी. बाहेर काढलं त्याले.”

“कोनं काढलं?”

मी गळ्यातली शिट्टी खिशात सारली. तोच म्हणाला, “नियमच हाय माय तसा.” तिनं भाकरीचे दोन भाग केले, एक त्याला दिला आणि दुसरा माझ्यापुढं धरला. म्हणाली, तू बी सकाळपासून उभाच हाये. मी ती घेतली आणि खाल्लीही.

दुपारी मी टेबलावर बसून निकालाचा तक्ता केला. त्याच्या नावासमोर वेळेच्या रकान्यात ‘अपूर्ण’ लिहिलं, वयाच्या रकान्यात अडतीस, आणि खाली पंच म्हणून सही केली. तेवढं मात्र मी लिहून दिलं.