अंगणातली बर्फाची लादी

भिजलेल्या पोत्याचा वास आला की मला पवनारच्या घराचं अंगण आठवतं. धाकटी बहीण वर्ध्याच्या सिमेंटच्या मैदानावर, चाकांच्या स्केट्सवर हॉकी शिकली आणि बर्फावरच्या हॉकीच्या निवडीसाठी तिला बोलावणं आलं. तिला हॉकी शिकवणाऱ्या सरांनी त्यांच्याजवळचे जुने बर्फाचे स्केट्स दिले. निघायच्या दिवशी पाहिलं तर एका बुटाखालचा, पातं धरून ठेवणारा प्लास्टिकचा साचा तडकलेला. फोन केले, पण तसा साचा नागपुरातही नव्हता. सायकल दुरुस्तीवाले काका म्हणाले, "लोखंड असतं तं वेल्डिंगचा टाका मारून देल्ला असता, बाप्पा! प्लास्टिकले काय करू?" तरी त्यांनी पाइपाला लावतात तो लगदा भरून वरून तार आवळली. ते टिकेल का, हे सिमेंटवर पाहता येईना, पात्याची धार गेली असती. मग मीच शक्कल लढवली आणि बर्फाच्या कारखान्यातून पोत्यात गुंडाळून लादी आणली. आई शेजारणीला म्हणाली, "आपला पोरगा बीएस्सी हाय, काईतरी करनच तो." बाबांनी लादी दाबून धरली, बहीण माझ्या खांद्याला धरून वर चढली आणि कट्‌ असा आवाज झाला. पातं बुटापासून वेगळं होऊन लादीवर आडवं पडलं. "दादा, आता कसं करायचं रे?" तिनं विचारलं. स्वतः न शिकता आईबाबांनी मला शिकवलं, याचं ऋण मी आजही मानतो. पण त्या दुपारी तिघंही माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मला फक्त गाडीची वेळ माहीत होती.