बाकी ठेवलेला दिवस

कुंटे मॅडम आमच्या पोशीरला आल्या की बांधावरून चालताना चपला हातात घ्यायच्या. चपलांनी बांध खचतो, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. आमचेच लोक बूट घालून बांध तुडवत, ती गोष्ट वेगळी.

कर्जतच्या कॉलेजात त्या आम्हाला अर्थशास्त्र शिकवत. संकटात गाव कसं तगतं आणि जमीन न थकवता शेती कशी टिकते, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. मी पोशीरची, म्हणून मला सोबत घेत. "आधी चिखल, मग चर्चा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पण चिखलात त्यांना कुणी उतरूच देईना. माझी आई त्यांना बांधावर बसवून चहा पाजायची.

आमच्याकडे भाताची लावणी सावडीने होते. आज तू माझ्या खाचरात, उद्या मी तुझ्या. मॅडमनी पहिल्या टिपणात लिहून टाकलं, की सावडीत बाहेरच्यांना घेत नाहीत. मी ते आईला वाचून दाखवलं. आई चिडलीच. पुढच्या खेपेला तिने तोंडावर विचारलं, "मॅडम, तुमी आमच्यात राबल्या तर आमी फेडायचं कुठं? तुमचं शेत कुठं हाय?"

मॅडमनी टिपणाची वही उघडली. मग ते वाक्य खोडलं, साडी खोचली आणि खाचरात उतरल्या. "फेडाल कधीतरी. मला घाई नाही." त्यांची ओळ इतकी वाकडी यायची, की आई मागून गुपचूप रोपं उपटून सरळ लावायची. दर पावसाळ्यात एक दिवस, अशी सात वर्षं त्या आल्या.

निवृत्तीनंतर त्या मुलाकडे बंगळूरला निघाल्या. एवढी पुस्तकं एकट्या कशा आवरणार, म्हणून मी रजा टाकून गेले, तर घरात आईसकट गावच्या सहा बायका. भाताच्या धुतलेल्या गोणींत पुस्तकं भरणं चाललेलं. मॅडमना खुर्चीत बसवून हातात चहा दिलेला.

संध्याकाळी मॅडम म्हणाल्या, "फिटली हो तुमची सावड."

"नाय," आई म्हणाली. "तुमचे सात दिस, आमी सहाच जणी आलो. एक मुद्दाम ठेवलाय. समदं फिटलं तर तुमी परत कशाला याल?"

मॅडम रडल्या. मीही रडले.

त्या परत आल्या नाहीत. दोन वर्षांनी, ऐन लावणीत, त्या गेल्याचा मुलाचा फोन आला. अजूनही लावणीचे दिवस आले की मला त्यांच्यावाचून करमत नाही. फोन आला त्या दिवशी मी आईला सांगायला शेतावर गेले. ती हातातली रोपं तशीच धरून उभी राहिली.

"एक दिस रायला गं मॅडमचा," म्हणाली. मग, "तू उतर."

नोकरी लागल्यापासून मी चिखलात पाय घातला नव्हता. चपला बांधावर ठेवल्या आणि उतरले. माझी ओळ वाकडी आली. आईने मागे वळून ती पाहिली, आणि तशीच राहू दिली.