फुटक्या कपबश्यांचं छत

आमच्या वहिनी कुणाच्याही घरी गेल्या की आधी घरातल्या म्हाताऱ्यांच्या पाया पडायच्या आणि मग पश्चिमेकडच्या भिंतीवर तळहात ठेवून उभ्या राहायच्या. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. माझ्यासाठी मुलगी पाहायला शेंदूरजनाघाटला गेलो तेव्हाही त्यांनी हेच केलं. मुलीच्या वडिलांना वाटलं, बाई भिंतीची ओल तपासतेय. ते बिचारे गिलाव्याची कैफियत देऊ लागले. बाहेर पडल्यावर मी चिडून विचारलं, तर म्हणाल्या, "भिंत भल्ली तापते, भाऊजी. पोरगी उन्हातली हाये. आपल्या इथं सुखानं राहीन." आपलं लग्न त्या भिंतीने जमवलं, असं माझी बायको अजून म्हणते.

ही खोड त्यांना आईमुळे लागली. अकोल्याच्या जुन्या शहरात आमचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं आणि वर टीन होतं. अकोल्याचा उन्हाळा ज्याने टिनाखाली काढला त्याला मी काय सांगणार, आणि ज्याने काढला नाही त्याला सांगून कळणार नाही. दादाचं कुलरच्या मोटारी दुरुस्त करण्याचं लहानसं दुकान होतं. वहिनी माळ्याची लेक. पहाटे उठून हार-गजरे करून विकायच्या. मी अमरावतीला एका शाळेत नोकरीला, शनिवारी येणारा पाहुणा. एका मे महिन्यात भरदुपारी आई मोरीजवळ पडलेली सापडली. घरात बसल्या बसल्या तिला ऊन लागलं होतं. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी बजावलं, या बाईंना आता टिनाखाली उन्हाळा काढू देऊ नका, दुसऱ्यांदा असं झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही. दादाने आणि मी माना हलवल्या. वहिनींनी मात्र ते मनावर घेतलं.

शहराबाहेर बाबांनी घेऊन ठेवलेला एक लहानसा प्लॉट होता. त्यावर घर बांधायचं म्हटलं तर कर्ज हवं, आणि दादाच्या दुकानाला पगाराची पावती कुठून असणार? माझी होती. म्हणून कर्ज आम्हा दोघा भावांच्या नावावर निघालं. बँकेतले साहेब भले होते. म्हणाले, तुम्हाला याहून जास्त मिळू शकतं, घेऊन टाका, घर एकदाच होतं. दादाचे डोळे चमकले. मागे खुर्चीवर बसलेल्या वहिनी पहिल्यांदाच बोलल्या, "वाढणारा वाढतच राह्यते, साहेब. खाणाऱ्यानं आपलं पोट पाहावं." आणि ठरलं होतं तेवढंच कर्ज घेऊन आम्ही परतलो. दादा रस्ताभर दोन पावलं पुढेच चालत राहिला.

नकाशा काढायला माझ्या ओळखीची एक तरुण इंजिनिअर मुलगी अमरावतीहून आली. तिने कागदावर रेघा ओढत समजावलं: विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवली तर भिंत कमी तापते आणि विटाही कमी लागतात, झरोके वर घ्या, छज्जे पुढे काढा, गच्चीवर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांचा थर द्या म्हणजे ऊन परत फिरेल. आम्ही भावांनी हो हो केलं आणि चहा प्यायलो. वहिनींनी तिला दोन दिवस ठेवून घेतलं आणि पुन्हा पुन्हा विचारून सगळं डोक्यात बसवलं. पुढे त्या सगळ्यांना सांगत, "घराचे हप्ते दोन असतात. एक बँकेचा, एक लाइटबिलाचा. बँकेचा सरते, दुसरा मरेपर्यंत सरत नाई. मंग आधी कोनता कमी करावा?"

खर्चाचा त्यांचा कायदा एकच होता. जे मागून बदलता येत नाही ते आधी. भिंत, छत, छज्जे आधी. फरशी, रंग, गेट मागून. "भिंत पुन्हा बांधता येते काय? फरशी दिवाळीले बी टाकता येते," असं म्हणून त्या कामाला लागायच्या. त्यामुळे आमच्या घरात फरशीऐवजी सिमेंटचा कोबाच राहिला आणि दर्शनी भिंतीला गिलावासुद्धा झाला नाही. लोक येता-जाता विचारायचे, काम कावून थांबलं बापा? दादाची मान खाली जायची. त्याला समोर दोन खांब हवे होते, त्यावर नक्षी हवी होती. बाजारात चार लोकांत ऊठबस असलेल्या माणसाला ते वाटणारच, मला त्यात त्याचं काही चुकलं असं वाटत नाही.

पुढचा उन्हाळा आला तेव्हा घर स्लॅबपर्यंतही पोचलं नव्हतं. वहिनींनी सरळ आईचं गाठोडं बांधलं आणि तिला अंजनगाव सुर्जीला, आपल्या माहेरच्या मातीच्या घरी नेऊन ठेवलं. सुनेच्या माहेरी उन्हाळा काढायचा! आईने जातानाही तोंड फिरवून ठेवलं होतं. परतली तेव्हा तब्येत चांगली होती, पण वहिनींशी पंधरवडाभर धड बोलली नाही. वहिनी म्हणाल्या, "रुसाले मानूस शिल्लक पाह्यजे, भाऊजी. रुसू द्या."

स्लॅब पडला आणि पैसे आटले. उरलेल्यात दादाचे खांब होणार होते किंवा गच्चीचा थर, दोन्ही नाही. त्या दोघांचं खरं भांडण मी तेव्हा एकदाच ऐकलं. दादा म्हणाला, "कुलरवाल्याचं घर कुलरबिगर थंड करून राहिली. माह्याच धंद्यावर उठली काय?" वहिनी हसल्या नाहीत. "आईले दवाखान्यात न्यायची पाळी आनखी एकदा आली, तं खांब पाहून बरी होईन काय ते?" दादा उठून दुकानात गेला. दुसऱ्या दिवशी खांबांचा विषय त्याने स्वतःच मिटवला, पण थराला लागणारे पांढरे तुकडेही पुरेसे नव्हते. टाइल्सच्या दुकानांमागे पडलेले वहिनींनी पोत्यांनी आणले, तरी अर्धीच गच्ची झाकत होती.

मग त्यांनी जे केलं त्याची आमच्या नात्यागोत्यात अजून चर्चा होते. वास्तूचं आमंत्रण द्यायला त्या घरोघर गेल्या आणि कुंकू लावून सांगू लागल्या, "आहेर आताच द्या. घड्याळ नोको, चादर नोको. घरात फुटक्या कपबश्या असतीन तर द्या." काहींना ती थट्टा वाटली, काहींना अपमान. आई तर हादरली. "नव्या घराच्या डोक्शावर फुटकी भांडी? अवदसा आनतं काय घरात?" वहिनी शांतपणे म्हणाल्या, "फुटकं भांडं घरात ठेवू नाई म्हनते, आई. घराच्या वर कोनी राह्यते काय?" आईचं त्याने समाधान झालं नाही.

तरी पिशव्या येऊ लागल्या. कान गेलेले कप, तडकलेल्या बश्या, कुणाच्या रुखवतातल्या फुलांच्या नक्षीच्या किटलीचे तुकडे. गच्चीवर थर बसवायचं काम सुरू झालं त्या सकाळी आई जिना चढून आली आणि तिची लोणच्याची बरणी पायरीवर ठेवून निमूट खाली गेली. काठ फुटलेल्या त्या बरणीला कित्येक वर्षं तिने कुणाला हात लावू दिला नव्हता. वहिनींनी ती स्वतः फोडली. पांढऱ्या गच्चीत मधूनच एखादं निळं फूल, एखादं पान दिसायचं, आणि पाहुणे आपापली बशी शोधत फिरायचे. वास्तूला बहुतेकांनी घड्याळं आणलीच.

वहिनी चुकायच्याही. पश्चिमेच्या उन्हाशी त्यांनी असं वैर धरलं होतं की त्या बाजूच्या स्वयंपाकघराला खिडकीच ठेवू दिली नाही. इंजिनिअर मुलीने परोपरीने सांगितलं, निदान वर जाळी ठेवा, ऐकलं नाही. मग पहिल्याच फोडणीला सगळं घर ठसक्याने बाहेर पळालं. वर्षभर मिरचीचा धूर खाल्ल्यावर भिंत फोडून जाळी बसवावी लागली. गवंड्याचे बोल त्यांनी खाली मान घालून ऐकले आणि त्याला दोनदा चहा दिला. "शहाणपन जास्त झालं का असं होते," एवढंच त्या म्हणाल्या.

त्या घरात पहिल्या उन्हाळ्यात आई दुपारी झोपली. टिनाच्या घरात असताना ती बहुतेक दुपारी शेजाऱ्यांच्या जिन्याखाली, नाहीतर देवळाच्या सावलीत बसून काढायची. तिला दुपारची झोप कशी असते हेच आम्ही विसरलो होतो. ती निजली की वहिनी भांड्याला भांडं लागू देत नसत. परडीत फुलं घेऊन उंबऱ्याशी बसायच्या, ओवायच्या, मधूनच आईकडे पाहायच्या. आईने त्यांचं कौतुक कधी केलं नाही. त्यांनीही वाट पाहिल्याचं मला दिसलं नाही.

तीन उन्हाळे असे गेले. त्यानंतरच्या पावसाळ्यात वहिनींना डेंग्यू झाला. आधी साधा ताप म्हणून अंगावर काढला, कारण सणावाराचे दिवस होते आणि हारांची मागणी होती. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. मी अमरावतीहून पोचलो तेव्हा त्या शुद्धीवर होत्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "शाळा बुडवून आले काय?" मग बऱ्याच वेळाने, "हप्ता वेळेवर भरत जाजा, भाऊजी. तुमच्या दादाच्यानं ध्यान राहत नाई." मला वाटलं होतं आणखी बोलतील. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या.

यंदा मे महिन्यात न कळवता अकोल्याला गेलो. दुपार होती, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. दार नुसतं लोटलेलं. दादा दुकानात. आत आई कोब्यावर चटई टाकून गाढ झोपली होती. पंखा बंद होता. लाइट कधी गेली होती कोण जाणे. मी आवाज न करता भिंतीला टेकून बसलो. बऱ्याच वेळाने तिला जाग आली. मला पाहून ती चोरी पकडल्यासारखी गडबडली आणि पदर सावरत उठून बसली.

"झोपली नोती," ती म्हणाली. "अशीच पडली होती."

"झोपली तर काय झालं, आई?"

तिने चटईची दुमडलेली कड सरळ केली. मग म्हणाली, "रोज ठरवते, आज झोपाचं नाई. पाठ टेकली का लागतेच रे डोया. जिनं हे सारं केलं ती पोरगी गेली, अन् मी म्हातारी इथं घोरून राहिली. लाज वाटते मले."

मी उठून माठाकडे गेलो. तिला पाणी दिलं, ती ते घोट घोट प्यायली. थोड्या वेळाने बसल्या बसल्याच तिचे डोळे पुन्हा मिटायला लागले, तेव्हा मी पाठीला हात लावून तिला हळूच निजवलं.