लाल रेघ

व्यासपीठावर ताई माझी वही वाचत होत्या आणि मी खाली चहाचा ट्रे धरून उभी. बायकांच्या हक्कांची परिषद. चहा वाटायचं काम ताईंनी मलाच दिलं होतं. "तुला सवय आहे गं," म्हणाल्या.

ताई माझ्या प्राध्यापिका, गारखेड्यात राहायच्या. बाईलाही मत असतं, हे मी त्यांच्याकडून शिकले. पडेगावला आमच्या घरी येऊन त्या भाकरी खाऊन गेल्या होत्या. त्या दिवशी माझी आई रडली होती. मी कारखान्यात औषधाच्या गोळ्यांची पाकिटं भरायचे आणि त्यांच्या हाताखाली एम.फिल. करायचे. विद्यापीठाच्या नामांतरापायी आमच्या वस्त्या जाळल्या, तेव्हा रजा टाकून, बायकांचं सांगणं वहीत उतरवत गावोगाव मी फिरले. ताईंना जमलं नाही.

एका गावात कौसाबाईनं घरातली राख उपसत सांगितलं होतं, की जाळणाऱ्यांना घासलेटचा डबा पाटलाच्या सुनेनं काढून दिला. तिची तिन्ही बाळंतपणं कौसाबाईनंच केलेली. एरवी ओट्याला शिवायची बंदी, बाळंतपणाला तेवढं मागच्या दारानं आत. सांगून झाल्यावर म्हणाली, "माझं नाव घालून लिव, पोरी. भ्यायला आता काय राह्यलंय?"

ताईंनी वाचलं, "एक पीडित स्त्री सांगते." कौसाबाईचं नाव गाळलं. पाटलाची सूनही गाळली. नुसता 'जमाव' आला. संशोधन ताईंचं, असं जाहीर झालं. टाळ्या पडल्या.

चहाच्या सुट्टीत मी वही परत घेतली. सुनेच्या ओळीवर लाल रेघ मारलेली होती. का, म्हणून विचारलं.

"बाई बाईच्या जिवावर उठत नाही. उगाच जात आणून आपल्यात फूट पाडू नकोस," ताई म्हणाल्या. मग अगदी मायेनं आठवण करून दिली, की प्रबंधावर सही त्यांचीच लागणार आहे.

माझ्या घरची भाकरी खाल्लेलं माणूस हे बोलत होतं. अंगाची लाहीलाही झाली. लाजही वाटली, ताईंची नाही, माझीच. इतकी वर्षं मी यांना आपलं मानलं होतं.

ट्रे टेबलावर ठेवला. माईकपाशी गेले. वही माझी आहे म्हणाले आणि खोडलेली ओळ वाचली, दोघींच्या नावांसकट. एकही टाळी पडली नाही. ताई पर्समध्ये काहीतरी शोधत राहिल्या.

सही मिळाली नाही. प्रबंध दुसऱ्या मार्गदर्शकाकडं, फार उशिरा पूर्ण झाला. पहिल्या पानावर कौसाबाईचं नाव आहे.

वही अजून माझ्याकडं आहे, लाल रेघेसकट. ताई, इथं मी तुम्हाला नुसतं ताई म्हटलंय. हे पुस्तकात येईल, तेव्हा नाव घालून लिहीन.