ढेमस्याची शिट्टी

माझ्या घरात मला पाहून आनंदानं शिट्टी मारणारं कोणीही नाही, ही गोष्ट मी वयाच्या बावन्नाव्या वर्षी मनाला लावून घेतली. तोवर माझं बरं चाललं होतं.

शिट्टी मारणाऱ्याचं नाव ढेमस्या. तो गिनीपिग आहे. ज्यांनी हा प्राणी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो (आणि आमच्या चामोर्शीत तो कोणीच पाहिला नव्हता): उंदराहून मोठा, सशाहून लहान, शेपूट नाही, मान नाही, आणि बसला की बाजारातलं ढेमसं कोणीतरी जमिनीवर विसरून गेल्यासारखा दिसतो. माझी मुलगी रेणू हिनं तो मैत्रिणीकडून आणला, वर्षभर जिवापाड सांभाळला, आणि नर्सिंगसाठी नागपूरला गेली तेव्हा वसतिगृहात जनावर चालत नाही म्हणून आमच्याकडे सोपवला. जाताना ती आईच्या गळ्यात पडून रडली. माझ्या हातात तिनं एक कागद दिला.

कागदावर लिहिलं होतं: गवत दिवसभर समोर असावं. रोज पेरूची फोड नाहीतर सिमला मिरची. उन्हाळ्यात पिंजऱ्यावर ओलं पोतं. आणि शेवटी, खाली दोन रेघा मारून: गोड अजिबात देऊ नये.

"बाबा, शेवटचं वाचलं का?"

"वाचलं."

"नक्की?"

"अवं, वाचलं म्हणतो ना!"

मी वीज कार्यालयात तक्रारीच्या खिडकीवर बसतो. लाईन गेली की लोक येतात आणि मी त्यांना सांगतो, "एका तासात येईल." सत्तावीस वर्षं हेच वाक्य सांगतो आहे. (कधीकधी येतेही.) हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे घडलं त्याची मुळं त्या खिडकीत आहेत.

ढेमस्याची सगळी सेवा मी करत होतो. पहाटे बांधावरून गवत मी आणायचो. पिंजऱ्यात अंथरलेलं तणस मी बदलायचो, लेंड्या मी झाडायचो, पोतं मी भिजवायचो. शेजारचे दादाजीभाऊ एकदा पिंजऱ्यापाशी उकिडवे बसून बराच वेळ पाहत राहिले.

"आनखी मोठा होते का?"

"नाही. एवढाच राहतो."

"मंग आता कायले थांबून राह्यले?"

मी त्यांना कपभर चहा देऊन घाईनं वाटेला लावलं.

इतकं करूनही ढेमस्या मला पाहिलं की पिंजऱ्यात पालथ्या घातलेल्या पाटीखाली घुसायचा. आणि माझी बायको सुनंदा, जिनं त्याला एकदाही हातात घेतलं नव्हतं, तिनं फ्रीजचं दार नुसतं उघडलं की पिंजऱ्यातून "वीऽऽक! वीऽऽक!" अशी शिट्टी! कोथिंबिरीची चार पानं टाकायची ती. बस, तेवढ्यावर!

माणूस म्हणून मी हे सोडून द्यायला हवं होतं. सोडलं नाही. पिंजऱ्यापाशी बसून पेपर मोठ्यानं वाचला. हात आत घालून अर्धा तास न हलवता ठेवला. हाताला मुंग्या आल्या, शिट्टी आली नाही. शेवटी माझ्या लक्षात आलं की फ्रीजच्या दाराआधी सुनंदाच्या बांगड्या वाजतात. ती अंघोळीला गेलेली पाहून मी तिच्या सहा बांगड्या मनगटात चढवल्या आणि पिंजऱ्यावर वाजवल्या. शिट्टी आली नाही. सुनंदा आली.

"अजी, हे काय करून राह्यले?"

"काही नाही. बघत होतो."

"काय बघत होते? माप?"

त्या उतरवायला साबण लागला.

त्याच आठवड्यात बाई आली. बाई म्हणजे माझी मोठी बहीण. आई लवकर गेली, तेव्हापासून मला हिनंच वाढवलं. सारं गाव तिला बाई म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. तिच्या अंगणात माकडांनी उच्छाद मांडला होता, म्हणून वेचलेली मोहफुलं आमच्या स्लॅबवर वाळवायला ती पोतं घेऊन आली.

मी स्लॅबवर गेलो आणि तो वास आला. लहानपणी पहाटे मी बाईच्या मागं मोहाखाली जायचो. ती टपोरं फूल उचलायची, पोटातले बारीक तुरे चिमटीनं ओढून काढायची (ते घशाला खरखरतात) आणि फूल माझ्या तोंडात घालायची. त्या फुलासाठी हरणं येतात, अस्वलं येतात, रुसलेला बैलही मान वळवतो. मग अडीच पाव वजनाचा ढेमस्या कोण लागून गेला!

कागदावरच्या दोन रेघा मला आठवल्या, हे कबूल करतो. पण रेणूला साखर म्हणायची असेल, बिस्किटं म्हणायची असतील. मोहफूल हे झाडाचं फूल. फुलाला गोड कोण म्हणतं?

एक फूल घेतलं, तुरे काढले, पाटीपाशी ठेवलं. नाक आलं. मिशा आल्या. फूल गेलं.

दुसऱ्या दिवशी मी जिन्यावरून उतरत होतो, मुठीत तीन फुलं होती, आणि पाटीखालून आवाज आला: "वीऽऽक!"

मी जिन्यातच बसलो. रेणू पहिल्यांदा 'बाबा' म्हणाली तेव्हा मी ड्युटीवर होतो. हे मात्र मला मिळालं होतं!

तिसऱ्या दिवशी मूठभर.

चौथ्या दिवशी शिट्टी नाही. ढेमस्या कोपऱ्यात, केस फुगलेले, डोळे अर्धे मिटलेले. पोट असं टणक की त्याचं नाव ढेमस्या ठेवणाऱ्या रेणूलाही वाईट वाटावं. गवत जसंच्या तसं. पेरूला तोंड नाही. हा प्राणी दिवसभर उपाशी राहिला तर हातचा जातो, हे कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलेलं होतं. (मागची बाजू मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचली.)

सुनंदानं तणस उचललं. खाली दोन मोहफुलं.

"अवंमाय! बाई, हे तुमचे फुलं इथी कसे आले?"

बाईनं ती उचलली, हातावर घेऊन पाहिली. मग हळूच म्हणाली, "माह्या पदरातून पडले असतीन वं. मीच तर वर-खाली करून राह्यली."

दोघींनी माझ्याकडं पाहिलं. मी तोंड उघडलं. खरं बोलायचं म्हणूनच उघडलं होतं. बाहेर आलं ते असं:

"असतील."

एकच शब्द. आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोललो आहे, पण इतकं थोडक्यात कधी नाही.

जनावरांच्या दवाखान्यात आम्ही तिघं गेलो. ढेमस्या माझ्या खांद्यावरच्या दुपट्ट्यात. रांगेत बैल घेऊन आलेल्या एकानं विचारलं, "भाऊ, अस्वलाचं पिल्लू हाय का?" तरुण डॉक्टरांनी कागद पुढं ओढला. त्यावर गाय, बैल, म्हैस, शेळी, कोंबडी असे रकाने. त्यांचं पेन कोंबडीवर थबकलं, शेळीवर गेलं, आणि शेवटी 'इतर'वर विसावलं. मग त्यांनी नागपूरच्या कुण्या मित्राला फोन लावून सगळं विचारून घेतलं आणि आमच्याकडं वळले.

"गोड काही पोटात गेलं का?"

"माह्या पदरातले मोहफुलं, साहेब. दोन-चार असतीन," बाई म्हणाली.

"दोन-चारनं इतकं पोट धरत नाही. नीट आठवा, आजी."

"जास्त असतीन मंग. म्हातारी झाली मी, समजत नाई."

मी भिंतीवरचं चित्र पाहत होतो. गाईच्या खुरांचे रोग. आजही विचारा, तोंडपाठ आहेत.

बाहेर पडल्यावर पिशवी विसरल्याचं सांगून मी परत आत गेलो. "साहेब, पंचवीसेक फुलं गेली असतील."

"पंचवीस? कोणी दिली?"

"त्याचा तपास चालू आहे."

डॉक्टरांनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं आणि औषधाची मात्रा बदलून दिली. "गवत वाटून, गाळून, सिरिंजनं दर दोन तासांनी भरवा. उद्या संध्याकाळपर्यंत लेंडी पडली तर वाचला."

घरी येताच रेणूचा फोन.

"बाबा, आईचा आवाज कसातरी लागला. ढेमस्या बरा आहे ना?"

"थोडं पोट बिघडलं त्याचं. एका तासात ठीक होईल."

फोन ठेवला, तर बाई पाटावरून उठून भिंतीशी टेकली होती. ताट तसंच.

"तो मुका जीव माह्यानं उपाशी हाय. त्यानं खाल्ल्याबिगर माह्या घशाखाली घास उतरनार नाई."

"बाई, तुम्हाले शुगर आहे!" सुनंदा म्हणाली.

"असू दे."

आता एका मुठीनं दोन जीव टांगणीला लागले होते. मी बाईला खरं सांगायला तिच्यापाशी गेलो आणि विचारलं, "पाणी देऊ का?" पुन्हा गेलो आणि विचारलं, "पंखा वाढवू का?" तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तीच म्हणाली, "सुधाकर, तुले काही सांगाचं हाय का?"

"नाही. कूलरमध्ये पाणी आहे का ते पाहत होतो."

जेवण मलाही गेलं नाही. ढेमस्याला मांडीवर घ्यायचं, दुपट्ट्यात गुंडाळायचं, ओठांच्या कडेनं सिरिंज सारायची, थेंबथेंब हिरवं पाणी सोडायचं. अर्धं तो गिळायचा, अर्धं माझ्या शर्टावर. मग पोटावरून बोट फिरवायचं. त्याचं काळीज माझ्या तळव्यात इतकं भराभर वाजत होतं की मोजायची हिंमत झाली नाही. इतके महिने मला त्याला असं जवळ घ्यायचं होतं. मिळालं ते हे असं. मी त्याला हळूच म्हणालो, "बाबा रे, शिट्टी नको मारू. कधीच नको मारू. फक्त हग."

कार्यालयात पूर्ण सुट्टी मिळाली नाही; दवाखान्याच्या दिवशीही दुपारी ड्युटीवर जावंच लागलं. दुसऱ्या दिवशी डबा न उघडता दुपारी दोनला मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून परत आलो, तर दारात रेणूच्या चपला.

ती जमिनीवर बसून ढेमस्याचं पोट चाचपत होती. डोळे लाल. बाई तिच्यासमोर हात जोडल्यासारखी बसली होती.

"माह्या हातानं झालं बेटा. रागावू नको आपल्या मोठ्या आत्याले."

हात जोडलेली बाई मी पाहू शकलो नाही. ज्या हातांनी माझ्या तोंडात...

"मी दिली!" मी ओरडलोच. "मोहफुलं मी दिली. पहिल्या दिवशी एक, मग तीन, मग मूठभर! बाईचा काही दोष नाही. त्यानं मला पाहून शिट्टी मारावी म्हणून दिली!"

शेवटचं वाक्य मोठ्यानं ऐकल्यावर मलाही कसंतरी झालं.

बाईनं शांतपणे पदराची गाठ सोडली. आत ती दोन फुलं होती.

"माह्या पोत्यातल्या फुलाइत तुरे हायेत," ती म्हणाली. "हे साफ केलेले हायेत. असे साफ कराले म्या जगात एकालेच शिकवलं."

"म्हणजे... तुला माहीत होतं?"

"तनस उचललं तवाच."

"मग उपास काऊन केला, बाई? दोन दिवस! शुगर असताना!"

सुनंदानं तोंडावर पदर धरला. "कोनता उपास? तुम्ही ड्युटीवर गेले का आम्ही दोघी जेवत होतो. काल तं भरीत केलं होतं."

म्हणजे त्या घरात दोन दिवस खरोखर उपाशी दोघंच होते. एक ढेमस्या, दुसरा मी.

"तू सोताहून सांगशील म्हनून वाट पाह्यली," बाई म्हणाली. "लय वेळ लावला रे."

रेणू ढेमस्याच्या पोटावरून बोट फिरवत होती. तिच्याकडं पाहायची हिंमत होईना. "रेणू, मी कागद वाचला होता," मी म्हणालो. "वाचूनही दिलं."

"ठाऊक आहे, बाबा."

"तू लगेच कशी आली पण? मी तर सांगितलं होतं की..."

"तुम्ही 'एका तासात ठीक होईल' म्हटलं ना, तेव्हाच मी सुट्टीचा अर्ज लिहिला. त्या एका तासाचा अर्थ मले लहानपणापासून समजतो."

ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

सुनंदानं मला बळंच पाटावर बसवलं. भात कालवला, पहिला घास तोंडात घातला, तोच बाहेरून रेणू किंचाळली, "पडली! बाबा, लेंडी पडली!" मी खरकट्या हातानं धावलो. तणसावर काळी, तांदळाएवढी एक लेंडी. आम्ही चौघं तिच्याभोवती वाकून उभे होतो. बाईनं हात जोडले. मी भरल्या तोंडानं रडलो, आणि रडता रडता भात गिळायचा राहून गेला, त्याचा ठसका लागला.

ढेमस्या आता ठणठणीत आहे. सिरिंजमुळं मला जास्तच घाबरतो. माझा दुपट्टा दिसला तरी पाटीखाली जातो. ते मी मान्य केलं आहे.

पण गेल्या आठवड्यात एक शोध लागला. संध्याकाळी मी मोटरसायकल दारात लावतो आणि आतून शिट्टी ऐकू येते! मी चार दिवस तरंगत होतो. पाचव्या दिवशी गाडी पंक्चर झाली, पायी घरी आलो. शिट्टी नाही. मग उलगडलं: गाडीचा आवाज आला की सुनंदा मला थंड पाणी द्यायला फ्रीज उघडते आणि फ्रीजमध्ये कोथिंबीर असते. म्हणजे ढेमस्याच्या लेखी मी कोथिंबिरीची वर्दी देणारा माणूस.

मी तसाच मागं फिरलो, पंक्चरच्या दुकानातून गाडी सोडवून आणली, दारात उभी केली आणि दोनदा हॉर्न वाजवला.

"वीऽऽक!"

ती शिट्टी कोणासाठी होती, असं घरात कोणी विचारलं तर मी खरं सांगणार आहे. अजून कोणी विचारलेलं नाही. आणि विचारल्याशिवाय सांगायला मला किती वेळ लागतो, ते बाईला माहीत आहे.