आप्पा पाय टेकत नव्हते

आमच्या येळ्ळूरला माणूस अंथरुणाला खिळला की त्याला बघायला जायची रीत आहे, आणि बघायला आलेला माणूस कधी गप्प बसत नाही. आप्पा, म्हणजे माझे वडील, गवताच्या गंजीवरून पडले आणि त्यांचं मांडीचं हाड मोडलं. बेळगावच्या दवाखान्यात ऑपरेशन करून आत सळी बसवली. तिथवर सगळं निभावलं. खरं दुखणं घरी आल्यावर सुरू झालं.

डॉक्टर कन्नड बोलणारे. घरी सोडताना त्यांनी मोडक्यातोडक्या मराठीत बजावलं होतं, "अण्णा, नडीबेकु, चालायलाच पाहिजे. वॉकर धरून रोज. झोपून राहिला तर पायातला जोर जाणार, मग सळी चांगली बसून काय उपयोग?" आप्पांना कन्नड मराठीइतकंच येतं, तेव्हा कळलं नाही असं म्हणायला जागा नव्हती.

पण दुसऱ्या दिवसापासून, आप्पांची खाट टाकली होती त्या बाहेरच्या सोप्यात माणसं यायला लागली. हातात बिस्किटाचा पुडा नाहीतर शहाळं, आणि तोंडात कुणाच्या तरी मोडलेल्या पायाची कथा. कुणाच्या मेव्हण्यानं घाईनं पाय टेकला आणि सळी वाकली, कुणाच्या मामाचा स्क्रू सुटला. उठताना प्रत्येकाचं एकच, पाय टेकू नगासा. आप्पा मान डोलवायचे. मी शिकवते त्या शाळेतून रजा काढून बेळगावातल्या अनगोळहून आले होते. चहा करता करता माझं डोकं तापायचं. एकदा मी चुलत्यांना तोंडावर सांगितलं की डॉक्टर काही तुम्हाला विचारून सळ्या घालत नाहीत. काका चहा न घेताच उठून गेले आणि आईनं मला फैलावर घेतलं.

मी रोज वॉकर पुढ्यात ठेवायची, आप्पा रोज भिंतीकडे तोंड करायचे. त्यांची मांडी माझ्या डोळ्यांदेखत सुकत चालली होती. हा माणूस आता खाटेवरच राहणार, असं मला वाटायला लागलं. आई पदरानं कपाळ पुसायची आणि गोठ्यात जायची.

तिथं वेगळीच रड होती. आमची म्हैस आप्पांच्या हाताची. आई धारेला बसली की ती पान्हा चोरायची. पुढ्यात आंबोण ठेवलं, रेडकू सोडलं, तरी चरवीचा तळ झाकण्यापुरतंच दूध. एका सकाळी तिनं लाथ झाडली आणि तेवढंही सांडलं. आई तिथंच मटकन बसली आणि म्हशीला नको नको ते बोलली. गोठा सोप्याला लागूनच, त्यामुळे आप्पांनी सगळं ऐकलं.

मग त्यांनी मला हाक मारली आणि वॉकर मागितला. मी पटकन तो पुढ्यात ठेवला, न जाणो त्यांचा विचार बदलायचा. वॉकरवर सगळा भार टाकत, दुखरा पाय अधांतरी धरून, चांगल्या पायावर उड्या मारल्यासारखं करत ते गोठ्याच्या दारापर्यंत गेले. घामानं सदरा भिजला होता. पण ते चकचकीत पाइप बघून म्हैस बिथरली आणि दावं ताणून मागं सरकली. आप्पांनी तिच्याकडे बघितलं, मग वॉकरकडे.

"हे घे बाजूला," ते मला म्हणाले.

मी म्हटलं, पडाल.

"न्हाय पडत. घे म्हणतोय न्हवं."

मी वॉकर काढून घेतला आणि त्यांच्या मागं हात पसरून उभी राहिले. आधाराला धरलेली दाराची चौकट सोडून त्यांनी म्हशीच्या पाठीवर हात टाकला, तिला थांब गं म्हणाले, मी हाय म्हणाले. मान खाजवली, नेहमीसारखं काहीबाही पुटपुटत राहिले. म्हैस हळूहळू सैल झाली. आई पुढं सरकून बसली आणि चरवीत धारांचा आवाज यायला लागला.

मी आप्पांच्या पायाकडे बघत होते. मोडलेल्या पायाची टाच शेणाच्या जमिनीवर पुरती टेकली होती. आईनंही मान वाकडी करून बघितलं.

"टेकलाय की," ती म्हणाली.

आप्पांनी खाली बघितलं. टाच जरा दाबून बघितली.

"व्हय की. दुखतंय, पण धरतंय."

ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा आईच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. आता तिनं म्हशीच्या पोटाला कपाळ टेकलं आणि ती हमसून रडायला लागली. हात मात्र तिनं थांबवले नाहीत.